‘धरावे’ की ‘मारावे’? : नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा वाद आणि व्यासंगी संशोधकांच्या सभा

१

शके १६९५, विजयनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी दुपारी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गणेशोत्सवाचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. नारायणरावांना अठरा वर्षे पुरी होऊन जेमतेम तीन आठवडे लोटले होते आणि पेशवाई त्यांच्याकडे येऊन नऊ महिनेही झाले नव्हते. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात शिरले. सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद युसुफ हे त्यांचे म्होरके होते व राघोबादादांचा खिजमतगार तुळाजी पवार त्यांना सामील होता. जीव वाचविण्यासाठी नारायणराव चुलत्याकडे धावले आणि तेथेच मारले गेले. धन्याच्या अंगावर पडून त्याला वाचवू पाहणारा चापाजी टिळेकर हाही त्याच वेळी ठार झाला.

या घटनेच्या स्थूल स्वरूपाविषयी फारसा मतभेद नाही. वाद आहे तो एका अक्षराविषयी. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या कागदात नारायणरावांस ‘धरावे’ असे होते; त्यातील ‘ध’ खोडून कोणी तरी ‘मा’ केला आणि ‘मारावे’ असा हुकूम तयार झाला, अशी परंपरागत कथा आहे. हा फेरफार राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या हातचा, असे लोकमत मानीत आले. मराठी भाषेने त्या समजुतीची म्हण करून टाकली. आजही लिखाणात कोणी लबाडीने फेरफार केला, तर त्याने ‘ध’चा ‘मा’ केला असे म्हटले जाते. न्यायासनासमोर कधी उभी न राहिलेली एक व्यक्ती अशा रीतीने भाषेच्या कोशातच दोषी ठरली आहे.

हा निकाल पुराव्यावर टिकतो काय, या प्रश्नाचा ऊहापोह मराठी इतिहाससंशोधनात ज्यांनी केला त्यांपैकी बहुतेक जण व्यवसायाने इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. कोणी शाळामास्तर, कोणी संस्थानी नोकर, कोणी पत्रकार. त्यांची मते परस्परविरुद्ध असत आणि ती सभेत एकमेकांसमोर मांडली जात. त्या पद्धतीने या खुनाच्या अभ्यासाला काय दिले, आणि परभणी जिल्ह्यातील अभ्यासकाला तिचा कोणता उपयोग आहे, हे पाहण्याचा येथे उद्देश आहे. परभणीचा संबंध वरवरचा नाही. बनावट कागदाने झालेला एक दुसरा प्रसिद्ध वध याच जिल्ह्यातील पाथरीशी नाते सांगणाऱ्या पुरुषाच्या नावावर मांडला गेला आहे. त्याचा विचार पुढे यथास्थळी येईल.

२

खुनाची जी हकीकत सर्वत्र रूढ झाली तिचा मुख्य आधार कॅप्टन जेम्स ग्रँट डफ याचा इतिहास होय. हा ग्रंथ १८२६ साली, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी, प्रसिद्ध झाला. ‘मराठ्यांची बखर’ या नावाने त्याचे मराठी भाषांतर झाले आणि त्यातील कथा शिकलेल्या समाजात पसरली. पुढे रंगभूमीने तिला चेहरे दिले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ साली आले. प्रभात कंपनीचा ‘रामशास्त्री’ हा चित्रपट १९४४ साली निघाला. पुस्तकापेक्षा नाटक अधिक लोकांपर्यंत पोचते, आणि नाटकातील पात्राला संशयाचा फायदा मिळत नाही.

ग्रँट डफच्या इतिहासाची परीक्षा प्रथम झाली ती एका सभेत. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण अभ्यासकाने पुण्याच्या यंग मेन्स असोसिएशनपुढे त्या ग्रंथावरील आपली टीका वाचली. ती पुढील वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या एका वाचनाने सर्व प्रश्न सुटले नाहीत. तथापि छापलेला इतिहास हा अखेरचा शब्द नसून त्याला मूळ कागदांच्या आधारे प्रश्न विचारता येतात, हे त्यातून महाराष्ट्राला कळले.

त्यानंतरच्या पिढीने कागद गोळा केले. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेव वामन खरे यांनी पटवर्धन दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेत छापली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड काढले. पहिला खंड १८९८ साली निघाला. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ‘इतिहास-संग्रह’ चालविला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी बडोद्याच्या नोकरीत राहून ‘मराठी रियासत’ लिहिली. यांतील एकाचाही चरितार्थ विद्यापीठातील इतिहासाच्या अध्यापनावर चालत नव्हता. त्या अर्थाने हे सर्व जण हौशी होते. मात्र त्यांच्या हौसेला शिस्त होती.

७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, तेव्हा या विखुरलेल्या व्यासंगाला बैठक मिळाली. मंडळाच्या सभांतून सभासद निबंध व टिपणे वाचीत, नवीन सापडलेले कागद मांडीत आणि त्यांवर चर्चा होई. वार्षिक इतिवृत्ते व पुढे त्रैमासिक यांतून ही सामग्री छापली जाई. येथे एकमत होते असे समजण्याचे कारण नाही. खुद्द राजवाडे मंडळाशी पटेनासे होऊन बाजूला झाले आणि त्यांचे अखेरचे कार्य धुळ्यास झाले. १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले, तेव्हाही निवड कोणी व कशी करावी याविषयी पुण्यातील अभ्यासकांत नाराजी होती. परंतु हे मतभेद व्यक्तींचे असले तरी त्यांचा निवाडा कागदावर व्हावा, एवढे सर्वांना मान्य होते. अस्सल समकालीन पत्राचे मोल मागाहून लिहिलेल्या बखरीहून अधिक, हा राजवाड्यांचा आग्रह त्यांच्या विरोधकांनीही उचलला होता.

३

‘ध’चा ‘मा’ झाला की नाही, यावर दोन पक्ष समोरासमोर बसविले तर त्यांचे म्हणणे पुढीलप्रमाणे मांडता येते.

पहिला पक्ष परंपरेच्या बाजूचा आहे. त्याचे म्हणणे असे की, ग्रँट डफने साताऱ्यास राहून सामग्री जमविली तेव्हा पेशवाई नुकतीच संपली होती. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे १७८९ साली वारले. त्यांना पाहिलेली माणसे त्या काळी हयात होती. अशा वेळी सर्वत्र एकमुखाने सांगितली जाणारी गोष्ट केवळ कल्पित असणे कठीण. शिवाय राघोबादादांचे त्या क्षणीचे वर्तन या कथेशी जुळते. नारायणरावांनी मिठी मारताच दादांनी त्यांना सोडा म्हणून गारद्यांस सांगितले आणि सुमेरसिंगाने ते जुमानले नाही, अशी हकीकत आहे. पकडण्याचा हुकूम देणाऱ्यास मारण्याचा प्रकार अनपेक्षित वाटावा, हे स्वाभाविक आहे. आनंदीबाई राजकारणात लक्ष घालणारी, लिहिणारी, नवऱ्याच्या पक्षाचा अभिमान बाळगणारी स्त्री होती. तेव्हा तिच्या ठिकाणी हेतू व सामर्थ्य ही दोन्ही होती, असाही युक्तिवाद या पक्षाकडून होतो.

दुसरा पक्ष पुराव्याचा हिशेब मागतो. तो म्हणतो की, ज्या कागदावर सारी कथा उभी आहे तो कागद आज कोणासही दाखविता येत नाही. ‘धरावे’ आणि ‘मारावे’ यांत शेवटची दोन अक्षरे समान आहेत, म्हणून एका अक्षराच्या फेरफाराने अर्थ पालटतो हे खरे. परंतु शक्य आहे म्हणून घडले असे होत नाही. मोडीत आधी ओळ आखून तिच्याखाली अक्षरे जोडून लिहिण्याची रीत असे. एका बिनकान्याच्या अक्षराच्या जागी काना असलेले अक्षर बसवावयाचे तर जागा, शाई आणि लेखणीचे वळण या तिन्ही गोष्टी बोलतात. मूळ कागद हाती असता तर ही परीक्षा घटकाभरात झाली असती. तो नसल्यामुळे अक्षर कोणी बदलले, किंबहुना ते बदलले गेले की नाही, याचे उत्तर अक्षरपरीक्षेने देता येत नाही.

या पक्षाचा दुसरा मुद्दा ग्रँट डफच्या लेखनपद्धतीविषयी आहे. फेरफार रामशास्त्र्यांच्या चौकशीत उघड झाला, असे तो सांगतो. परंतु फेरफार करणारा हात आनंदीबाईचा होता, हे मात्र तो सर्वसाधारण समजूत म्हणून देतो. चौकशीचा निष्कर्ष आणि लोकांची समजूत ही दोन वेगळ्या वजनाची साधने आहेत. मराठी वाचकांनी ती पुढे एकत्र करून टाकली.

तिसरा मुद्दा हितसंबंधांचा. ही कथा खरी मानली तर सर्वांत मोठा लाभ राघोबादादांचा होतो. खुनाचा कट पकडण्याच्या कटापर्यंत खाली येतो आणि बाकीचा भार पत्नीच्या माथी जातो. उलट, नारायणरावांच्या पश्चात राज्य सांभाळणाऱ्या बारभाईंना राघोबादादा हेच खुनी ठरणे आवश्यक होते. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंच्या पोटी सवाई माधवरावांचा जन्म झाला. ६ मार्च १७७५ रोजी राघोबादादांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला. त्यानंतर या खुनाचा उल्लेख पुणे आणि इंग्रज यांच्यातील राजकारणाचा भाग बनला. तेव्हा १७७४ नंतरचा प्रत्येक कागद कोणत्या गोटातून निघाला हे पाहिल्यावाचून वाचणे धोक्याचे आहे.

गारद्यांचा विचारही येथे करावा लागतो. वाड्यात शस्त्र घेऊन शिरलेल्या आणि वाटेत माणसे कापलेल्या सैनिकांना पेशवा जिवंत सुटणे म्हणजे स्वतःचा मृत्यू, हे कळत होते. नारायणरावांना सोडले तर आपला नाश ओढवेल, अशाच अर्थाचे उत्तर सुमेरसिंगाने दिल्याचे सांगतात. एवढे कारण पुरेसे असेल, तर मारण्यासाठी त्यांना ‘मारावे’ या शब्दाची गरजच काय होती?

४

दोन पक्ष एकाच बैठकीत आले म्हणजे काय लाभ होतो, हे रामशास्त्र्यांच्या निर्णयाच्या चर्चेतून चांगले कळते. परंपरेप्रमाणे रामशास्त्र्यांनी सुमारे सहा आठवडे चौकशी केली, राघोबादादांचा दोष त्यांच्या तोंडावर सांगितला, देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरा उपाय नाही असा निर्णय दिला आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले.

संशयवादी पक्ष येथे एक अडचण दाखवितो. कागदात लबाडीने फेरफार झाला होता हे रामशास्त्र्यांना आढळले असेल, तर मूळ ‘धरावे’ लिहिणाऱ्यास देहान्त आणि ‘मारावे’ करणाऱ्याविषयी निर्णयात अवाक्षर नाही, हे कसे? कथेचे हे दोन भाग एकमेकांशी नीट बसत नाहीत. यावर परंपरावादी पक्षाचे उत्तरही दुर्लक्षिण्याजोगे नाही. धर्मशास्त्रात कृत्य करणारा जितका भागीदार, तितकाच ते करविणारा व त्यास अनुमती देणारा भागीदार मानला आहे. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात हा विचार स्पष्ट आहे. सशस्त्र गारद्यांना पेशव्याच्या अंगावर सोडणारा मनुष्य त्यातून होणाऱ्या हत्येची जबाबदारी शब्दाच्या आड लपून टाळू शकत नाही. रामशास्त्र्यांसारख्या धर्मशास्त्रज्ञाने असाच विचार केला असेल, तर निर्णयात विसंगती उरत नाही.

या उत्तराचा परिणाम मात्र परंपरावादी पक्षाला अपेक्षित नसलेला आहे. मूळ हुकूम पकडण्याचा असला तरी दोष राघोबादादांचाच राहतो, असे एकदा मान्य केले म्हणजे ‘ध’चा ‘मा’ झाला की नाही हा प्रश्न खुनाच्या जबाबदारीच्या दृष्टीने गौण ठरतो. एका पक्षाचा आक्षेप आणि दुसऱ्या पक्षाचे उत्तर यांच्या घर्षणातून दोघांनाही आधी न दिसलेला हा निष्कर्ष निघतो. एकट्याने लिहिलेल्या निबंधात तो सहसा सुचत नाही, कारण एकटा लेखक आपल्या मताला सोयीचेच आक्षेप स्वतःपुढे ठेवतो.

दुसरा लाभ कटाच्या व्याप्तीविषयी आहे. सरदेसायांनी आपल्या इंग्रजी इतिहासात या कटातील दोषी माणसांचा आकडा ४९ दिला आहे. त्यांत गारदी १३ होते, आठ हिंदू आणि पाच मुसलमान. उरलेल्या ३६ जणांत २६ ब्राह्मण, ३ प्रभू व ७ मराठे होते. मारले गेलेल्यांचा त्यांचा हिशेब ११ माणसांचा आहे: सात ब्राह्मण, दोन मराठे नोकर व दोन दासी. हे आकडे समोर ठेवले की घटनेचा आकारच बदलतो. गारदी हे कटातील सुमारे एक चतुर्थांश. बाकीचे सर्व वाड्याच्या, दप्तराच्या आणि दरबाराच्या परिसरातील लोक. पगार थकविणारी व्यवस्था, कैदेत ठेवलेला महत्त्वाकांक्षी चुलता, कारभाऱ्यांतील तट आणि पहाऱ्याची ढिलाई या सर्वांनी मिळून तो दिवस घडविला. एका स्त्रीने एक अक्षर बदलले म्हणून पेशवा मेला, ही कथा या पंचवीस-तीस प्रतिष्ठितांना अलगद दृष्टिआड करते. कथेचा मोठा दोष हा आहे. ती सिद्ध झालेली नाही, आणि तिच्यामुळे जे सिद्ध होण्याजोगे आहे ते झाकले जाते.

अशा चर्चेनंतर पुराव्याच्या तीन पायऱ्या वेगळ्या करता येतात. खुनाची तिथी, स्थळ, मारणाऱ्यांची नावे आणि नारायणरावांना पकडण्याच्या बेतात राघोबादादांचा भाग, या गोष्टी दोन्ही पक्षांस मान्य आहेत. ती पहिली पायरी. गारद्यांनी स्वतःच्या जिवासाठी मर्यादा ओलांडली, हे संभाव्य आहे, ती दुसरी. कागदातील फेरफार आणि तो करणारा हात ही तिसरी पायरी, आणि ती केवळ परंपरेची आहे. तिसऱ्या पायरीवरील गोष्ट पहिल्या पायरीच्या भाषेत लिहिणे हा इतिहासलेखनातील अपराध होय. त्याचबरोबर, पुरावा नाही म्हणून आनंदीबाई निर्दोष होती असे प्रतिपादन करणे हेही तितकेच अनधिकृत आहे. इतिहासाने येथे ‘असिद्ध’ एवढाच शेरा मारावा.

५

पुण्याच्या वाड्यातील या वादाकडे परभणी जिल्ह्यातील अभ्यासकाने कोणत्या नात्याने पाहावे? अठराव्या शतकात हा प्रदेश निजामाच्या सत्तेखाली होता, आणि पेशवे दप्तर पुण्यास आहे. परंतु बनावट कागद, दरबारातील तट आणि घाईने झालेला वध यांचे दुसरे उदाहरण या जिल्ह्याच्या इतिहासाशी जोडलेले आहे. ते म्हणजे बहमनी वजीर महमूद गावान याचा वध.

५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत सुलतान महंमदशहा तिसरा याच्या हुकुमाने महमूद गावानचा शिरच्छेद झाला. फेरिश्त्याच्या हकीकतीप्रमाणे गावानचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामास वश करून कोऱ्या कागदावर शिक्का उमटविण्यात आला. मग त्यावर ओरिसाच्या राजास स्वारीचे निमंत्रण देणारे पत्र लिहिण्यात आले. सुलतानाने कागद दाखविला, तेव्हा शिक्का माझा आहे पण पत्र माझे नाही, असे गावान म्हणाला. पुढे चौकशी झाली नाही. या कटाचा सूत्रधार म्हणून मलिक हसन निजाम-उल्-मुल्क बहरी याचे नाव घेतले जाते. गावानच्या सुधारणांनी तेलंगणाच्या सुभ्याचे विभाजन झाल्यामुळे मलिक हसनच्या सत्तेला धक्का बसला होता. हा मलिक हसन जन्माने ब्राह्मण असून त्याचे घराणे पाथरीचे कुलकर्णी होते, अशी फेरिश्त्याची नोंद आहे. १४८६ साली बीदरमध्ये त्याचाही खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने अहमदनगरची निजामशाही स्थापिली आणि नातू बुऱ्हाण निजामशहा याने पूर्वजांचे गाव म्हणून पाथरी मागितली. तिच्यावरून वऱ्हाडच्या इमादशाहीशी युद्ध झाले. परभणी जिल्ह्यातील एका गावासाठी दख्खनच्या दोन राज्यांत रक्त सांडले, त्यामागे हा घराण्याचा इतिहास आहे.

पुण्याच्या वादात शिकलेली पद्धत येथे लावून पाहण्याजोगी आहे. येथेही मूळ कागद उरलेला नाही. नारायणरावांच्या बाबतीत लेखक घटनेपासून त्रेपन्न वर्षांनी दूर होता. फेरिश्ता सव्वाशे वर्षांनी दूर आहे. येथेही लेखकाचा गोट पाहावा लागतो. फेरिश्त्याने आपला ग्रंथ विजापूरच्या आदिलशाही दरबारात लिहिला. आदिलशाहीचा संस्थापक युसुफ आदिलखान हा गावानच्या आश्रयाने वर आलेला, परदेशी म्हणजे आफाकी पक्षाचा. मलिक हसन हा दखनी पक्षाचा पुढारी. उलट सय्यद अली तबातबाई याचा ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ अहमदनगरच्या निजामशाहीच्या आश्रयाने लिहिला गेला. दोन परस्परविरोधी दरबारांत तयार झालेले हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचणे, म्हणजे दोन पक्षांची सभा ग्रंथालयातच भरविण्यासारखे आहे. हैदराबादचे हारून खान शेरवानी यांनी १९४२ साली गावानवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या अभ्यासाची वाट रुंद केली आहे.

दोन घटनांतील भेदही ध्यानात घेण्याजोगा आहे. कोंडापल्लीस शिक्का अस्सल होता आणि मजकूर खोटा. पुण्याच्या कथेत मजकूर मूळचा खरा आणि एक अक्षर खोटे. कोंडापल्लीस राजाने कागद पाहताच वध केला आणि सेवक मेला. पुण्यास न्यायाधीशाने आठवडेच्या आठवडे चौकशी करून राज्यकर्त्यालाच दोषी ठरविले. तेथे चौकशीची घाई जिवावर बेतली, येथे चौकशी झाली पण तिचे कागद उरले नाहीत. दोन्ही ठिकाणी भावी पिढीच्या हाती राहिली ती मागाहून सांगितलेली गोष्ट.

६

मराठवाड्यात या कामाला लागणारी सामग्री आणि माणसे यांचा अभाव नाही. येथील इतिहासाला फारसी आणि मोडी या दोन्ही लिपींची गरज लागते. सेतु माधवराव पगडी यांनी हैदराबाद संस्थानच्या व पुढे शासनाच्या नोकरीत राहून फारसी साधने मराठीत आणली, हे व्यासंगी संशोधनाचे जवळचे उदाहरण आहे. ज्यांचे घराणे पूर्वीच्या परभणी जिल्ह्यातील कुरुंद्याचे, ते नरहर कुरुंदकर नांदेडला मराठी साहित्य शिकवीत असत. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी शिवचरित्राच्या साधनांची जी चिकित्सा केली, ती इतिहासाच्या अभ्यासकांनाही विचारात घ्यावी लागली. पाथरी, गंगाखेड, जिंतूर, सेलू या भागांत देशमुख, देशपांडे व कुलकर्णी घराण्यांचे कागद कोठे आहेत याची गाववार यादी करणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्यात पेशव्यांच्या खुनाविषयी काही मिळेलच असे नाही. परंतु गावगाड्याच्या साध्या कागदावरही खाडाखोड कशी ओळखावी, शिक्का आणि मजकूर यांचा काळ जुळतो की नाही हे कसे पाहावे, याचा सराव होतो. त्या सरावावाचून ‘ध’चा ‘मा’ याविषयी मत देणे म्हणजे ऐकीव गोष्टीत एकाची भर घालणे होय.

अशा कागदांवर चर्चा व्हावयाची तर तिचे काही नियम जुन्या सभांनी घालून दिले आहेत. बोलणाऱ्याने आपले मत आधी न सांगता साधन आधी मांडावे. साधन केव्हाचे, कोणाचे आणि कोणाकडून आले हे सांगितल्यावाचून त्यातील मजकूर वाचू नये. प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा प्रथम स्वतः मांडून मग त्यास उत्तर द्यावे. कोणत्या नव्या पुराव्याने आपले मत बदलेल हे प्रत्येकाने चर्चेपूर्वी लिहून ठेवावे. ‘ध’चा ‘मा’च्या वादात असा पुरावा कोणता असू शकतो हे सांगणे कठीण नाही. रामशास्त्र्यांच्या चौकशीचा समकालीन उतारा, गारद्यांना दिलेला मूळ कागद, किंवा फेरफाराचा उल्लेख असलेले १७७३ च्या अखेरीचे एखादे पत्र मिळाले, तर तिसऱ्या पायरीवरील गोष्ट वर चढेल. तोवर ती तेथेच राहिली पाहिजे.

राघोबादादा डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावास वारले; आनंदीबाई १७९४ साली वारली. नारायणरावांना मारणाऱ्या गारद्यांचा पाठलाग करून काहींना पुढे शिक्षा झाल्या. पुराव्यावाचून चालू राहिलेली शिक्षा एकच आहे आणि ती म्हणीच्या रूपाने रोज दिली जाते. म्हण भाषेतून काढून टाकता येत नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. लिखाणातील लबाडीला तिने दिलेले नाव उत्तम आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती वापरताना एवढे स्मरावे की, ज्या फेरफाराची ती साक्ष देते तो फेरफार पाहिलेला एकही कागद आज टेबलावर नाही.